त्यातली गोम : म्हशाचा बैलबाजार, ठाण्याचा राजा आणि जुन्या गाडीचे इंजिन

मराठीत एखाद्या व्यवहारातील लपलेली अडचण सांगताना ‘त्यातली गोम अशी की...’ असे म्हटले जाते. ही गोम शंभर पायांची नव्हे. घोड्याच्या वा बैलाच्या अंगावर केसांची एक विशिष्ट रेघ असते. जनावरांची पारख करणाऱ्यांच्या भाषेत तिला गोम म्हणतात. ती कुठे आहे आणि कोणत्या दिशेला वळली आहे, यावरून जनावर घ्यायचे की सोडायचे ते ठरत असे. ‘खोड’ हा शब्दही जनावरांच्या बाजारात असाच रुळलेला आहे. मारका बैल, जू पाहताच बसकण मारणारा बैल, धार काढताना लाथ झाडणारी म्हैस, या साऱ्या खोडी. फसलेल्या खरेदीचे मराठी शब्दभांडार बरेचसे गोठ्यातून आलेले आहे. आज मुरबाडच्या किंवा शहापूरच्या एखाद्या तरुणाने जुनी जीप विकत घेतली आणि तीन आठवड्यांत तिचे इंजिन निकामी झाले, तर ‘इंजिन बसले’ असेच तो म्हणतो. बैल बसतो, इंजिनही बसते.

विकलेली वस्तू आतून सदोष निघाली तर तोटा कोणी सोसायचा? या प्रश्नाला किमान दोन हजार वर्षांचा लेखी इतिहास आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे पान खुद्द ठाण्याच्या राजाच्या नावावर आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

आधी बाजार. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. घोंगड्या, शेतीची अवजारे, मिठाई यांच्या पालांपलीकडे या यात्रेची खरी ओळख म्हणजे बैलबाजार. पौषातच हा बाजार का, याचे उत्तर भातशेतीत आहे. कार्तिक-मार्गशीर्षापर्यंत भात झोडून होते, कणगी भरते, थोडा पैसा हाती येतो. म्हणून बैल घ्यायचा तर पौषात. परंतु त्या बैलाची खरी कसोटी लागते ज्येष्ठ-आषाढात, पाण्याने भरलेल्या खाचरात चिखलणी सुरू होते तेव्हा. मधल्या पाच महिन्यांत त्याला गाडीला जुंपता येईल, लाकडे ओढायला लावता येतील; पण गुडघाभर चिखलात तो दिवसभर टिकतो की नाही, हे आषाढाशिवाय कळत नाही. तेव्हा तो बसला तर दुसरा बैल घ्यायला गाठीला पैसा नसतो आणि पाऊस तर कोणासाठी थांबत नाही. एका बैलाच्या खोडीने कुटुंबाचा वर्षाचा भात जाऊ शकतो. खरेदी आणि कसोटी यांच्यातील हे अंतर लक्षात ठेवावे. पुढचा सगळा कायदा या अंतराभोवती फिरतो.

बैलबाजारात भाव बोलून ठरत नसे. विकणारा आणि घेणारा, किंवा त्यांच्या वतीने दलाल, रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून आकडा सांगत. पारख उघड्यावर होई. दात पाहायचे : आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. चालवून पाहायचे, शेपटी पिळून पाहायची. विकणाराही कच्चा नसे. शिंगे साळून रंगवली की बैल तरणा दिसतो. दुभत्या जनावराची धार आदल्या दिवशी न काढता कास तुंबवली की ते भरपूर दुधाचे वाटते. मोटारीचा किलोमीटर दाखवणारा काटा मागे फिरवणे ही कला त्याच घराण्यातली.

या प्रदेशातून जनावरांची वाहतूक किती जुनी आहे, हे सांगायला नाणेघाट पुरेसा आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून चढून गेले की घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गाईंची, घोड्यांची, हत्तींची आणि कार्षापणांची गणती कोरलेली आहे. उत्तरेला शहापूर तालुक्यात थळघाट, दक्षिणेला नाणेघाट आणि माळशेज. १८६५ मध्ये थळघाटातून आगगाडी वर चढली, त्याआधी देशावरचे धान्य आणि कोकणचे मीठ या घाटांतून मुख्यतः बैलांच्या पाठीवरूनच जात होते. ज्या मुलखात वाहतुकीचे साधन म्हणजे जिवंत जनावर, तेथे जनावराच्या विक्रीचा कायदा हाच वाहनविक्रीचा कायदा ठरतो.

आता तो राजा. बाराव्या शतकात उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते आणि त्यांची राजधानी होती स्थानक, म्हणजे आजचे ठाणे. अंबरनाथचे शिवमंदिर याच घराण्याच्या काळातले. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० च्या सुमाराचा. या घराण्यातील पहिला अपरादित्य याने सुमारे ११२७ ते ११४८ या काळात राज्य केले. याज्ञवल्क्यस्मृतीवर त्याच्या नावाने एक विस्तृत टीका प्रसिद्ध आहे. अपरादित्य म्हणजेच अपरार्क (आदित्य आणि अर्क, दोन्ही सूर्याचीच नावे), म्हणून टीकेचेही नाव ‘अपरार्क’. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या टीकेचे श्रेय पहिल्या अपरादित्याला दिले आहे. काश्मीरचा कवी मंख याच्या ‘श्रीकंठचरित’ काव्यात कोकणच्या अपरादित्याचा दूत तेजकंठ तेथील पंडितसभेत हजर असल्याचा उल्लेख येतो. ठाण्याच्या राजाचा माणूस काश्मीरच्या विद्वत्सभेत! त्या काळचे कोकण किती दूरवर जोडलेले होते, हे एवढ्या एका तपशिलावरून कळते. राजाने टीका स्वतः लिहिली की दरबारच्या पंडितांकडून लिहवून घेतली, हा वाद अशा प्रत्येक राजग्रंथाबाबत होतोच. येथे त्याने फारसे बिघडत नाही.

याच स्मृतीवरील दुसरी थोर टीका म्हणजे विज्ञानेश्वराची मिताक्षरा. ती चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याण येथे लिहिली गेली. ठाणे जिल्ह्यातील वाचकांची येथे हमखास गल्लत होते. हे कल्याण मध्य रेल्वेवरचे नव्हे, बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण होय.

याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायात ‘क्रीतानुशय’ नावाचे प्रकरण आहे. क्रीत म्हणजे विकत घेतलेले, अनुशय म्हणजे पश्चात्ताप. खरेदी केल्यानंतरचा पस्तावा. धर्मशास्त्रकारांनी खटल्यांचे अठरा विषय मानले, त्यांतच या पस्ताव्याला स्वतंत्र जागा दिली. त्या प्रकरणात घेतलेली वस्तू किती दिवसांत पारखून परत करता येते, याची यादी आहे. बियाणे दहा दिवस. लोखंड एक दिवस. ओझे वाहणारी व ओढणारी जनावरे पाच दिवस. रत्ने सात दिवस. दुभती जनावरे तीन दिवस. आणि दासी एक महिना, दास अर्धा महिना.

हे आकडे शास्त्रकाराच्या लहरीतून आलेले दिसत नाहीत. बियाणे पेरून उगवते की नाही ते पाहायला आठ-दहा दिवस लागतातच. लोखंड घणाखाली घातले की दिवसभरात त्याचा कस लागतो. तुंबवलेली कास एका दिवसात उघडी पडते, तिसऱ्या दिवशी खरे दूध मोजता येते. बैल लंगडतो का, बसतो का, रवंथ नीट करतो का, हे पाच दिवसांच्या कामात बरेचसे दिसते. म्हणजे मुदत ठरवायची ती वस्तूच्या किमतीवरून नव्हे, तिच्यातील दोष वर यायला जितका वेळ लागतो त्यावरून. आजचे वॉरंटीकार्ड छापणाऱ्या कंपन्यांना हे तत्त्व कोणी शिकवले असेल तर ते फार विसरलेले दिसते.

पण या यादीतील शेवटच्या दोन नोंदींवरून घाईने पुढे सरकणे अप्रामाणिकपणाचे होईल. बियाणे, लोखंड, बैल, रत्न, म्हैस यांच्या रांगेत माणसे उभी आहेत. त्यांनाही पारखून परत करण्याची मुदत आहे, आणि ती सर्वांत मोठी आहे, कारण माणसाची ‘खोड’ लवकर कळत नाही असे शास्त्रकाराला वाटते. रोममध्ये हेच घडले. तेथील बाजाराची व्यवस्था पाहणाऱ्या ईडिलीज या अधिकाऱ्यांनी काढलेला आदेश दोनच प्रकारच्या मालाला धरून वाढला : गुलाम आणि ओझ्याची जनावरे. विकणाऱ्याने गुलामाचा आजार, त्याची पळून जाण्याची सवय हे दोष विक्रीपूर्वी जाहीर केले पाहिजेत; नाही केले, तर सहा महिन्यांच्या आत माल परत करता येई आणि वर्षाच्या आत किंमत कमी करून मागता येई. युरोपातील ग्राहकहक्काचा उगम सांगताना हा आदेश मोठ्या अभिमानाने पुढे केला जातो. ज्या बाजारात तो जन्मला, तेथे ‘सदोष माल’ या शब्दाचा अर्थ पळून जाऊ पाहणारा माणूस असाही होता. खरेदीदाराच्या हक्काचा इतिहास हा विकल्या गेलेल्यांच्याही इतिहासाचा भाग आहे, मग तो स्थानकाचा असो वा रोमचा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात हाच विषय अधिक रोखठोक येतो. सौदा मोडण्याची मुदत तेथे घेणाऱ्याच्या व्यवसायावर ठेवली आहे : व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गोपालकांना पाच. रोगी जनावर निरोगी व धडधाकट म्हणून खपवणाऱ्याला बारा पणांचा दंड. आणि मग एक विलक्षण तरतूद आहे. चतुष्पाद प्राणी तीन पक्षांपर्यंत, म्हणजे सुमारे ४५ दिवसांपर्यंत, परत करता येतो आणि माणूस वर्षभर, कारण तेवढ्या काळात त्यांचे खरे-खोटे कळू शकते. कारण सांगून मुदत देणारा कायदा प्राचीन जगात विरळाच. पाच रात्रींची मुदत मनातल्या पस्ताव्यासाठी आणि पंचेचाळीस दिवसांची आतल्या दोषासाठी, हा भेद येथे दिसतो. तो फार महत्त्वाचा आहे, कारण नंतरच्या कायद्यांनी तो पुन्हा पुन्हा हरवला.

मनूने दोन्ही पक्षांना सरसकट दहा दिवस दिले. नारदाने मात्र किंमत घसरत नेली. घेतले त्याच दिवशी वस्तू जशीच्या तशी परत केली तर काही कापायचे नाही. दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा हिस्सा सोडायचा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तू घेणाऱ्याचीच. ‘जशीच्या तशी’ ही अट आजही तितकीच जिवंत आहे, तिच्याकडे पुढे येऊ. दोष लपवून विकणाऱ्याला मात्र या दिवसांच्या हिशेबाचा आसरा नव्हता. याज्ञवल्क्य अशा विक्रेत्याला किमतीच्या दुप्पट दंड सांगतो. निर्दोष नमुना दाखवून सदोष माल देणाऱ्याने घेणाऱ्याला किमतीच्या दुप्पट रक्कम द्यावी आणि तेवढाच दंड राजाला भरावा, असे नारद म्हणतो.

ग्रंथातला कायदा म्हशाच्या किंवा जुन्नरच्या बाजारात शब्दशः पाळला जात होता, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. बाजार चालतो तो बोलीवर, म्हणजे सौदा होताना तोंडी ठरलेल्या अटींवर. मराठेशाहीच्या कागदांत वतनाची, घराची, जमिनीची खरेदीखते विपुल आहेत. त्यांत विकणाऱ्याने दिलेली एक हमी ठरलेली असते : उद्या कोणी भाऊबंद वा दावेदार उठून हरकत घेऊ लागला, तर तिचे निवारण विकणाऱ्याने करावे. ही मालकीची हमी आहे. ‘ही वस्तू माझीच आहे’ याची. वस्तू चांगली असल्याची हमी ही निराळी गोष्ट, आणि जंगम मालाच्या बाबतीत ती बहुधा कागदावर चढतच नसे. दोन साक्षीदार, एक दलाल आणि चारचौघांतली अब्रू हाच तिचा कागद.

१८१७-१८ मध्ये उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेतील चौथ्या रेग्युलेशनने न्यायाधीशांना सांगितले, की कायदेमंडळाचा वा सरकारचा नियम नसेल तेथे मुलखाची वहिवाट पाहा, ती नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि तोही नसेल तर न्याय, समानता व सद्सद्विवेक. म्हणजे कागदोपत्री तरी बाजाराची बोली आणि जुना क्रीतानुशय यांना न्यायालयात दार उघडे होते. ते दार अरुंद झाले १८७२ मध्ये.

त्या वर्षी १ सप्टेंबरला भारतीय करार कायदा लागू झाला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हा तेव्हाचा विधी सदस्य. या कायद्याच्या १७ व्या कलमात कपटाची व्याख्या आहे आणि तिच्याखाली उदाहरणे आहेत. ती आजही कायद्याच्या प्रत्येक प्रतीत छापली जातात. त्यांचा नायक आहे एक घोडा.

अ हा ब ला लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे अ ला ठाऊक आहे, पण तो गप्प बसतो. हे कपट नव्हे, असे कायदा म्हणतो. दुसऱ्या उदाहरणात ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तेथे नात्यामुळेच बापावर दोष सांगण्याचे कर्तव्य येते. तिसऱ्यात ब म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा चांगला आहे असे मी धरून चालेन’, आणि अ गप्प राहतो. येथे मौन म्हणजेच बोलणे, म्हणून ते कपट ठरू शकते.

याज्ञवल्क्याच्या दुप्पट दंडापासून ‘गप्प बसणे म्हणजे फसवणूक नव्हे’ इथपर्यंतचा हा प्रवास नजरेत भरतो. यामागे इंग्लंडच्या कॉमन लॉचे ‘कॅव्हिएट एम्प्टर’ हे सूत्र आहे, म्हणजे घेणाऱ्याने सावध राहावे. १६०३ च्या चँडेलर विरुद्ध लोपस या खटल्यात एका सोनाराने बेझोअर म्हणून, म्हणजे विषावर उतारा मानला जाणारा खडा म्हणून, एक दगड विकला. तो खरा निघाला नाही. ‘हा बेझोअर आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नाही, ‘याची मी हमी देतो’ असे म्हटले नव्हते, म्हणून घेणारा हरला. इंग्लंडचा वाढता व्यापारी वर्ग या सूत्रावर खूश असणार. लिहिता-वाचता न येणाऱ्या, सावकाराकडून पैसे उचलून बैल घेणाऱ्या शेतकऱ्याला सावध राहा म्हणणे ही मात्र क्रूर चेष्टाच होती. तिसऱ्या उदाहरणातली पळवाट घेणाऱ्याच्या बाजूची आहे खरी. पण ती वापरायला आधी ती ठाऊक हवी. तरीही तिचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. जुनी गाडी घेताना साक्षीदारासमोर, किंवा आजच्या काळात मोबाइलवरच्या लेखी संदेशात, ‘इंजिन उघडलेले नाही ना, तेल खात नाही ना?’ असे सरळ विचारून ठेवणाऱ्याचे पारडे न विचारणाऱ्यापेक्षा जड असते.

१ जुलै १९३० रोजी मालविक्री कायदा आला आणि सूत्राची धार थोडी बोथट झाली. इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्याचा साचा येथे उचलला गेला. १६ व्या कलमाची सुरुवात जुन्याच पठडीतली आहे : मालाच्या दर्जाबद्दल कोणतीही गर्भित हमी नाही. मग अपवाद येतात. घेणाऱ्याने आपला उद्देश सांगून विकणाऱ्याच्या जाणकारीवर विश्वास ठेवला असेल, तर माल त्या उद्देशास योग्य हवा. आणि वर्णनावरून घेतलेला माल त्याच प्रकारच्या मालाच्या व्यापाऱ्याकडून घेतला असेल, तर तो विक्रीयोग्य दर्जाचा हवा. घेणाऱ्याने पाहणी केली असेल, तर त्या पाहणीत दिसायला हवे होते अशा दोषांबाबत मात्र त्याला बोलता येत नाही. गंजलेला पत्रा दिसतो. पिस्टनची झीज दिसत नाही.

कायद्याने दोन पायऱ्या केल्या : ‘कंडिशन’ मोडली तर सौदाच रद्द करता येतो, ‘वॉरंटी’ मोडली तर फक्त भरपाई मिळते. त्यातली गोम अशी, की माल एकदा स्वीकारला की कंडिशनचे उल्लंघनही साधारणतः वॉरंटीच्या उल्लंघनासारखेच धरले जाते. गाडी परत नाही, पैशात फरक. स्वीकार केव्हा झाला, तर रास्त मुदत उलटूनही माल नाकारला नाही तेव्हा. रास्त मुदत म्हणजे किती दिवस, याला आकडा नाही. पाच दिवस, तीन पक्ष असे स्पष्ट आकडे जाऊन त्यांच्या जागी ‘रास्त’ हे विशेषण आले आणि त्याचा अर्थ लावण्यासाठी वकील आला.

जुन्या मोटारींच्या बाबतीत हा अर्थ कसा लागला, ते इंग्लंडमधील निकालांतून नीट कळते. कायद्याचा साचा एकच असल्याने ते निकाल भारतातही मार्गदर्शक म्हणून वाचले जातात. १९५७ च्या खटल्यात एका खासगी माणसाने आपली मॉरिस गाडी १९४८ ची म्हणून एका व्यापाऱ्याला दिली होती. ती निघाली १९३९ ची. नोंदणीपुस्तकात आधीच कोणीतरी खाडाखोड केली होती. न्यायालयाने त्या माणसाला जबाबदार धरले नाही, कारण जाणकार होता तो घेणारा व्यापारी. १९६५ मध्ये उलटे घडले. इंजिन बदलल्यापासून बेंटली फक्त २०,००० मैल चालली आहे असे व्यापाऱ्याने सांगितले. खरा आकडा लाखाच्या घरातला होता. येथे ते बोलणे हमी ठरले. वाक्य जवळपास सारखेच, पण कोण बोलतो यावर त्याचे वजन ठरले. त्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात जुन्या जॅग्वारच्या क्लचचा खर्च अपेक्षेपेक्षा फार वाढला, तेव्हा लॉर्ड डेनिंग यांनी घेणाऱ्याला नकार दिला : जुनी गाडी घेणाऱ्याने कधी ना कधी दुरुस्ती निघणार हे गृहीत धरलेच पाहिजे; गाडी रस्त्यावर चालण्याजोगी होती, एवढे पुरे.

मग १९७५ चा निकाल. आठ वर्षांची जॅग्वार, ८२,१६५ मैल चाललेली, किंमत ३९० पौंड. व्यापाऱ्याने तिची तोंड भरून स्तुती केलेली. तीन आठवडे आणि २,३०० हून अधिक मैल धावून इंजिन जाम झाले. आधीच्या मालकाने साक्ष दिली की आपण विकली तेव्हाच इंजिन मोडकळीस आले होते. त्याच डेनिंग यांनी या वेळी निकाल घेणाऱ्याच्या बाजूने दिला. इंजिन तीन आठवड्यांनी बंद पडले, ही गोष्ट विक्रीच्या दिवशी ते कसे होते याचा पुरावा ठरली. प्रश्न असा नाही की इंजिन केव्हा बसले. प्रश्न असा की दोष केव्हापासून आत होता. कौटिल्याने चतुष्पादांना तीन पक्ष देताना जे कारण सांगितले होते, ते याहून वेगळे नव्हते.

भारतात २४ डिसेंबर १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणि त्यानंतर २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याने मैदान बदलले. वस्तू नवीच हवी अशी अट ‘ग्राहक’ या व्याख्येत नाही. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून खपवणे, योग्य चाचणी न करता तिच्या आयुष्याची हमी देणे, या गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. परंतु कायद्याचा रोख व्यापाऱ्यावर आहे. शेजारच्या गावातल्या ओळखीच्या माणसाने आपली एकुलती एक गाडी विकली असेल, तर वाट मुख्यतः दिवाणी न्यायालयाची, म्हणजे पुन्हा त्या १८७२ च्या घोड्यापाशी.

मुरबाड-शहापूरसाठी कळीचा मुद्दा आणखी एक आहे. व्यावसायिक कारणासाठी घेतलेला माल या कायद्यातून वगळलेला आहे. मुरबाडला अजून आगगाडी नाही. गावोगावचे प्रवासी, भाजी, दूध जीप आणि टेम्पोवर चालते. मग जुनी जीप घेऊन वडाप करणारा तरुण ग्राहक की व्यावसायिक? स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू व्यावसायिक मानू नये, असे स्पष्टीकरण कायद्यातच आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या निकालात त्याचा अर्थ उलगडून सांगितला : स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहकच आहे. दहा जीप घेऊन दहा चालक ठेवणारा नाही.

२०१९ च्या कायद्याने आणखी एक जुनी अडचण दूर केली. तक्रार आता ग्राहक जेथे राहतो वा काम करतो तेथील आयोगात करता येते. गाडी नाशिकच्या किंवा पुण्याच्या व्यापाऱ्याकडून घेतली असली तरी शहापूरच्या माणसाला ठाण्यात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षे. दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, आणि येथे नारदाची ‘जशीच्या तशी’ पुन्हा आडवी येते. रागाच्या भरात नाक्यावरच्या मेकॅनिककडून इंजिन खोलून टाकले, भाग बदलले, की दोष आधीचा की नंतरचा हे सांगणे तज्ज्ञालाही जड जाते. व्यापाऱ्याला आधी लेखी कळवून, फोटो काढून, मग हात लावावा. मेलेला बैल पंचांना दाखवल्याशिवाय पुरू नये, हे शहाणपण म्हशाच्या बाजाराला सांगावे लागत नव्हते.

व्यापारी अनेकदा पावतीवर ‘आहे तशी विकली’ असे छापतात. १९३० च्या कायद्याचे ६२ वे कलम गर्भित अटी करारातून वगळण्याची मुभा देते, त्यामुळे हे वाक्य अगदी निरर्थक नाही. पण जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाला ते झाकू शकत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आरटीओकडून प्राधिकारपत्र घेण्याची व्यवस्था मोटार वाहन नियमांत आली आहे. तिचा मुख्य हेतू गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात असताना ती कोणाची जबाबदारी, हे ठरवण्याचा आहे. खासगी विक्रीत आजही फॉर्म २९ आणि ३० भरले जातात. फॉर्म २९ मध्ये विकणारा लिहून देतो, की गाडी बोजारहित आहे आणि माहिती दडवली असेल तर आपण जबाबदार. मराठेशाहीतल्या खरेदीखतात हरकतीचे निवारण करण्याची जी हमी होती, तिचीच ही सरकारी आवृत्ती : वस्तू माझी आहे, तिच्यावर दुसऱ्या कोणाचा दावा नाही. त्या कागदावर चॅसिसचा क्रमांक असतो, इंजिनाचा क्रमांक असतो. इंजिनाच्या प्रकृतीसाठी रकाना नाही.